पहिलंच ३५० इंजिन बांधतोय, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) कुठला टाकू?

ह्यूस्टनकर७९
गाडी १९७९ ची कॅमॅरो, शेवीचं (शेव्हरोलेचं) ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन. ब्लॉक ०.०३० इंच ओव्हर बोअर (सिलिंडर तेवढे रुंद) होऊन आलाय. पिस्टन फ्लॅट टॉप (व्हॉल्व्ह रिलीफ, म्हणजे व्हॉल्व्हसाठीच्या खाचा, ५ सीसी), डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठाच्या) ०.०२५ इंच खाली. हेड जुनेच, ८८२ कास्टिंग नंबरचे, चेंबर ७६ सीसी. हेड गॅस्केट ०.०३९ इंच जाडीचं आणून ठेवलंय. गिअरबॉक्स टीएच३५० ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा) कंपनीचाच, मागच्या अॅक्सलचा गिअर रेशो ३.०८, टायर २७ इंची. पॉवर ब्रेक आहेत. गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे, रेस वगैरे नाही. मित्र म्हणतो कॉम्प कंपनीचा एक्सई२७४एच कॅम टाक, आवाज काय येतो बघ! टाकू का?

टायमिंग_चेन
नका टाकू. आवाज येईल, पण सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर गाडी उठणार नाही.

आधी कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) बघा. तुमच्या आकड्यांवरून एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वर-खाली होतो ती जागा) साधारण ७२७ सीसी. वर उरते ती जागा अशी: हेड ७६, रिलीफ ५, डेक ५.२, गॅस्केट ८.४, म्हणजे जवळपास ९४.७ सीसी. रेशो आला ८.७. तोही कागदावरचाच, कारण पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो. १०६ अंश सेंटरलाइनवर (इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तो क्रँकचा कोन) बसवलेल्या २७४ चा इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सर्वात खाली असतो तो बिंदू) ६३ अंशांवर मिटतो, त्यांच्याच लहान एक्सई२५६एच चा ५४ वर. तोवर जी हवा उलटी मॅनिफोल्डमध्ये गेली ती दाबायला मिळत नाही. ५.७ इंची कनेक्टिंग रॉड धरला तर २७४ बरोबर खरं कॉम्प्रेशन ७.१ पडतं, २५६ बरोबर ७.५. खालचा टॉर्क जातो तो इथेच.

त्यात २७४ ची कामाची रेंज १८०० ते ६००० आरपीएम. तुमच्या ३.०८ वर ताशी ६० मैलांना इंजिन फिरणार जेमतेम २३०० वर, म्हणजे रोजचा सगळा प्रवास त्या कॅमच्या तळाशीच. कंपनीचा कन्व्हर्टर ड्राइव्हमध्ये इंजिन खाली ओढतो आणि आयडलचा व्हॅक्यूमही पडतो. ब्रेक बूस्टरला १५ इंच तरी व्हॅक्यूम लागतो, नाहीतर ब्रेक पेडल दगड होतं.

माझं मत एक्सई२५६एच: लिफ्टर (कॅमवर बसून व्हॉल्व्ह ढकलणारा तुकडा) ०.०५० इंच उचलल्यावर मोजलेला उघडा काळ २१२/२१८ अंश (इनटेक/एक्झॉस्ट), व्हॉल्व्ह लिफ्ट ०.४४७/०.४५४ इंच. आणि ते ०.०३९ चं गॅस्केट परत करा. रबर कोटिंगचं ०.०१५ इंची स्टील शिम (पातळ पत्र्याचं गॅस्केट) घ्या, हेड लोखंडी आहेत त्यामुळे चालतं. रेशो ९.१ होतो आणि क्वेंच (पिस्टन आणि हेडमधली फट) ०.०४० इंचावर येतो. कॅम मोठा करण्यापेक्षा हा बदल गाडीत जास्त जाणवेल. मात्र ८८२ हेड क्रॅक व्हायला बदनाम आहेत. क्रॅक टेस्ट न करता त्यांच्यावर एक डॉलरही घालू नका.

तीन_बेचाळीस
२७४ नको हे बरोबर, पण २५६ वरच थांबायची गरज नाही. मागे ३.४२ टाकायची तयारी असेल तर एक्सई२६२एच घ्या (२१८/२२४, ०.४६२/०.४६९). ८.५ इंची टेन बोल्ट अॅक्सलला २.७३ पासून वर कॅरियर (रिंग गिअर धरणारा भाग) एकच आहे, म्हणजे ३.०८ चाच कॅरियर चालतो, फक्त रिंग आणि पिनियन गिअर बदलायचे. गिअर बदलणार नसाल तर २५६ च.

व्हॉल्व्ह स्प्रिंग मात्र दोन्हींबरोबर नवे, कॅम कंपनीने सांगितलेलेच. जुन्या हेडवर रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) तळ आणि व्हॉल्व्ह सीलचा माथा यांच्यातलं अंतर मोजा. त्यातून पूर्ण लिफ्ट वजा केल्यावर ०.०६० इंच तरी उरायला हवं. २६२ ला हे बऱ्याचदा उरत नाही आणि व्हॉल्व्ह गाइडचा माथा कापून घ्यावा लागतो.

ह्यूस्टनकर७९
२५६ आणि शिम गॅस्केट, ठरलं. जुने लिफ्टर चांगले दिसतायत, तेच वापरले तर? की सरळ रोलर (तळाला चाक असलेले) लिफ्टर घालू?

काळं_तेल
जुने लिफ्टर अजिबात नाही. फ्लॅट टॅपेट लिफ्टरचा तळ सपाट दिसतो पण किंचित फुगीर असतो आणि कॅमच्या लोबला (उंचवट्याला) तिरकस उतार असतो, म्हणून लिफ्टर स्वतःभोवती फिरतो. वापरलेल्याचा तो फुगवटा त्याच्या जुन्या लोबपुरता घासलेला असतो. नव्या लोबवर तो फिरत नाही, एकाच जागी खरडतो आणि अर्ध्या तासात लोब गुळगुळीत. चुरा सगळ्या बेअरिंगमध्ये. रोलरचं म्हणाल तर १९७९ च्या ब्लॉकला फॅक्टरी रोलरची सोयच नाही (ती १९८७ पासून आली). रेट्रोफिट (जुन्या ब्लॉकला बसणारे) लिफ्टर लागतील, आणि ते महाग.

बसवताना: लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला मॉली पेस्ट, लिफ्टरच्या अंगाला फक्त तेल. तेल जास्त झिंकवालं, ब्रेक-इनचं. डिस्ट्रिब्युटर घालण्याआधी ड्रिलने तेलाचा पंप फिरवा, सगळ्या सोळा रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) तेल आलेलं दिसेपर्यंत. रॉकर ढिला असताना पुशरॉड (लिफ्टर ते रॉकरची दांडी) वर-खाली हलवून झीरो लॅश (ढिलाई नेमकी संपते ती जागा) शोधा. बोटांत गोल फिरवून शोधलात तर हमखास जास्त आवळला जातो. मग रॉकरचा नट अर्धा फेरा आवळा, बास.

पहिल्यांदा सुरू झालं की लगेच २००० आरपीएमच्या वर. पुढची २०-३० मिनिटं २००० ते २५०० मध्ये वर-खाली करत ठेवा, आयडलवर सोडू नका, कारण लोबना तेल मिळतं ते क्रँकवरून उडालेलं. म्हणून रेडिएटर आणि कार्ब्युरेटरचा बाऊल आधीच भरा आणि टायमिंग आधीच जुळवा.

इथेच नवखे फसतात. टायमिंग गिअरचे दोन ठिपके समोरासमोर आले की फायरिंगला असतो ६ नंबरचा सिलिंडर, १ नव्हे. तसाच डिस्ट्रिब्युटरचा रोटर १ वर लावला की इंजिन कार्ब्युरेटरमधून भडाभड फुटतं, सुरू होत नाही, आणि स्टार्टर मारून मारून लोबवरची पेस्ट पुसली जाते. ठिपके जुळवून झाल्यावर क्रँक पूर्ण एक फेरा पुढे फिरवा, मग रोटर १ कडे.