राजारामपुरीतील टाको : मक्याची पोळी का तुटते?

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका बोळात, रंग उडालेल्या भिंतींच्या आणि डुगडुगत्या बाकांच्या लहानशा मेक्सिकन हॉटेलात काल टाको खाल्ले. सारण उत्तम होते, मात्र मक्याची पोळी पहिल्याच घासाला दुमडीवर तुटली आणि रस मनगटापर्यंत ओघळला. असे का व्हावे?

उत्तर : मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर तसाच भिजत ठेवून मग वाटतात, त्यामुळे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्वही अंगी लागते. साध्या मक्याच्या पिठाला तो चिवटपणा येत नाही.

उत्तर : पोळी गार झाली तरीही तुटते. भाकरीप्रमाणे ती फडक्यात गुंडाळून ठेवावी, असे मालकांना अवश्य सुचवा. सारण इतके चांगले असताना हॉटेल बंद पडू नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. उद्याच जाऊन सांगतो.