'पुट'ला 'ठेवणे' म्हणून भागत नाही

परवा भाचीनं विचारलं, मामा इंग्रजीतलं 'पुट' म्हंजे ठेवणे ना, मग 'पुट ऑफ' म्हंजे पुढं ढकलणे कसं काय? राजारामपुरीत क्लासला जाते, तिथं असल्या जोडशब्दांची भलीमोठी यादी देऊन पाठ करायला सांगितलंय. पाठ होतं, पण दोन दिवसात ऑफ, आऊट, अप सगळं एकमेकात मिसळतं.

मला विचाराल तर 'पुट'ला आपलं 'घालणे' जास्त जवळचं. बघा की, चहात साखर घालतो, म्हशीला वैरण घालतो, डेअरीला दूध घालतो, कारखान्याला ऊस घालतो, पाव्हण्याला जेवायला घालतो आणि रुसलेल्याची समजूतपण घालतो, क्रियापद तेच, शेजारचा शब्द बदलला की अर्थ बदलला, आणि ह्याची यादी आपल्याला कुणी कधी दिली नव्हती. शर्ट घालणे तर सरळ 'पुट ऑन'.

इंग्रजीत ते काम शेजारचा बारका शब्द करतो. 'ऑफ'मध्ये लांब सारण्याचा भाव आहे, म्हणून पंचगंगेला पूर आला आणि साखरपुडा पुढं ढकलला तर 'पुट ऑफ', आणि वासानंच जेवणावरनं मन उडालं तरी 'पुट ऑफ'. 'आऊट' म्हंजे विझवणे. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, ती अग्निशमनवाल्यांनी विझवली ते 'पुट आऊट'. हे तिला लगेच कळलं, ती रात्र कोल्हापुरात कोण विसरलंय? शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर ते, अजून आठवलं की पोटात तुटतं.

एक चूक सगळेच करतात. 'पुट ऑफ इट' नाही, 'पुट इट ऑफ'. इट, मी, देम असले शब्द मधेच बसतात. पण 'पुट अप विथ' अजिबात फोडायचं नाही. 'शी पुट मी अप' म्हंजे तिनं माझी राहायची सोय केली, आणि 'शी पुट अप विथ मी' म्हंजे तिनं मला सहन केलं, दोन्हीत केवढा फरक पडला बघा.

ह्या 'पुट अप विथ'ला डिक्शनरीत 'सहन करणे' असतं, पण ते जरा पुस्तकी वाटतं. 'आय वोंट पुट अप विथ धिस' म्हंजे 'हे मी खपवून घेणार नाही', मला तरी हेच पटतं. शेजारच्या स्पीकरच्या आवाजालापण खपवून घेणेच बसतं, पण सासूच्या आजारपणात वर्षानुवर्षं राबणाऱ्या बाईला खपवून घेतलं म्हणवत नाही, तिथं 'सोसलं' म्हणावं का 'निभावलं'? तुमच्याकडं काय म्हणतात सांगा.