पालकत्वाची पद्धत आणि तरुणपणी ताण हाताळण्याची रीत

प्रश्न
मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी असून, पालकत्वाच्या पद्धती आणि तरुणांची ताण हाताळण्याची रीत यांच्या संबंधावर लघुप्रबंध लिहीत आहे. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात हुकमत गाजवणारे, जिव्हाळ्यासह शिस्त लावणारे आणि पूर्ण मोकळीक देणारे असे पालकांचे प्रकार मांडले, तर १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांच्या मांडणीतून दुर्लक्ष करणारे पालक हा चौथा प्रकार पुढे आला. मात्र माझ्या दोन मैत्रिणी सारख्याच कडक घरांत वाढल्या असूनही, परीक्षा जवळ आली की एक वेळापत्रक आखून कामाला लागते आणि दुसरी पुस्तक उघडायचेच टाळते. हा फरक कशामुळे पडत असावा?

उत्तर १
‘कडक’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो, असे मला वाटते. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये वर्तनावरील नियंत्रण आणि मनावरील नियंत्रण यांत जो भेद केला, तो येथे फार उपयोगी आहे. रात्री ठरलेल्या वेळी घरी परतण्याचा नियम हे पहिले. चूक झाल्यावर अबोला धरणे, ‘तुझ्यामुळे आम्हाला खाली मान घालावी लागते’ असे ऐकवणे हे दुसरे. ज्या घरात अडचण सांगितल्यावर मूळ अडचणीखेरीज पालकांची नाराजीही सोसावी लागते, तेथे मूल अडचण लपवायला शिकते, आणि पुढे कोणी रागावणारे नसतानाही ती सवय टिकू शकते. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचे टाळणे हा आळस नसून अपयशाच्या शरमेपासून केलेला बचाव असू शकतो.

मात्र लॅझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये सांगितलेल्या, ताण हाताळण्याच्या समस्याकेंद्री (मूळ अडचणच सोडवणे) आणि भावनाकेंद्री (तिच्यामुळे उठलेल्या भावना सावरणे) या दोन मार्गांपैकी पहिला श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असे कृपया धरू नका. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारखी जी परिस्थिती बदलताच येत नाही, तेथे भावना सावरणे हेच खरे काम असते.

उत्तर २
अतिकाळजीचाही विचार व्हावा. प्रत्येक अर्ज, प्रत्येक भांडण पालकांनीच निस्तरले, तर मुलाला प्रेम भरपूर मिळते, पण ‘हे मला जमेल’ हा विश्वास स्वतः करून पाहिल्याशिवाय येत नाही.

उत्तर ३
वरील दोन्ही मुद्दे मान्य करूनही कार्यकारणाबाबत सावध राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की मुलाचा स्वभावही पालकांचे वागणे घडवतो; मुळात चिंताळू असलेल्या मुलाचे पालक अधिक लक्ष ठेवू लागतात. शिवाय चिंतेकडे असलेला कल काही अंशी आनुवंशिकही असतो. आणि प्रश्नावलीत आपण बालपण मोजत नसून बालपणाची आठवण मोजतो. आज खचलेल्या व्यक्तीला तीच आठवण अधिक कठोर भासू शकते. त्यामुळे एकाच वेळी गोळा केलेल्या उत्तरांवरून ‘परिणाम’ हा शब्द वापरू नये, ‘संबंध’ म्हणावे.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. दोन्ही नियंत्रणांसाठी मी स्वतंत्र प्रश्न ठेवीन आणि लघुप्रबंधाच्या शीर्षकातील ‘परिणाम’ हा शब्द बदलीन. आई आणि वडील यांच्याविषयी वेगवेगळे विचारावे का, कारण एकाच घरात दोघांची रीत पुष्कळदा भिन्न असते?

उत्तर ३
अवश्य विचारावे. दोघांची सरासरी काढली, तर नेमका तोच फरक पुसला जाईल.