ऊसतोडीवरून आलेली लेकरं वर्गात मारामाऱ्या करतात, दोष कुणाचा?

झेडपीच्या_बाई:
बीडकडची शाळा, तिसरीचा वर्ग. दिवाळीच्या आसपास निम्मी लेकरं आईबापाबरोबर कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिलला परततात, आणि मग बोचकारणं, शिव्या, पाटी फेकून पळणं सुरू. स्टाफरूममध्ये सरळ म्हणतात, वाया गेलीत. मला हे पटत नाही. पहाटे आईबाप फडात गेले की आठ वर्षांचं लेकरू कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकटीला सांभाळतं, पाणी भरतं, सगळं ओढूनच मिळवायचं. माझ्या वर्गातला एकजण खिचडी वाढली की आधी निम्मी डब्यात भरतो, बहिणीसाठी, त्या डब्याला कुणी हात लावला की चावतो. ह्याला वाया गेलेला म्हणायचं?

गेवराईचा_पालक:
बाई, तुमची तळमळ कळते पण माझ्या मुलीच्या हातावर दात उमटलेत, ती आता शाळेत जायलाच रडते, तिचं काय? 2009 च्या कायद्यानं मारायला बंदी केली, मास्तर हात लावत नाही हे पोरांना पक्कं माहितीये. थोडा धाक पाहिजेच. आणि गावातच राहणारी, दिवसभर मोबाईल बघणारी पोरंपण तशीच वागतात, तिथं कुठला कारखाना आला?

कोयत्याचं_पोर:
धाकाचं सांगू नका, आमच्या वेळी छडी होती, त्या भीतीनं माझ्याबरोबरचे कितीतरी शाळेत परत आलेच नाहीत. पण बाई, तुमचंही सगळं मान्य नाही. मीसुद्धा फडात वाढलो, कुणाला चावलो नाही. ऊसतोडीची पोरं म्हणजे मारकुटी असा शिक्का बसला की पहिल्याच दिवशी त्यांना मागं बसवतात, आणि मग ती तशीच होतात.

झेडपीच्या_बाई:
शिक्क्याचं एकदम बरोबर. म्हणूनच मी आल्याआल्या धडा उघडत नाही, आधी खेळ, गाणी, त्यांच्याकडून कारखान्यावरच्या गोष्टी. पण दोन वर्ग एकटीनं सांभाळताना, त्यात निवडणुकीची कामं, किती पुरणार!

गेवराईचा_पालक:
मग आईबापांनी लेकरं घरी ठेवावीत ना.

कोयत्याचं_पोर:
कुणाजवळ? मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांनाही जावंच लागतं, आजी असली तर ठीक. आईबाप गेल्यावर लेकरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह आहे पण आमच्याकडं गाड्या भरून गेल्यावर सुरू होतं. दादा, शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, तुम्ही दसऱ्याआधी मीटिंग लावा आणि वसतिगृहाचा ठराव घ्या, तुमच्या मुलीलाही त्याचाच जास्त उपयोग होईल.