विमानतळाच्या टर्मिनलमधील ताटकळणे : दोष प्रवाशाचा की रचनेचा?

दूरचा प्रवासी (धागाकर्ता)

‘टर्मिनलमध्ये लुबाडले जातात ते नियोजन न करणारे,’ असे ‘नेमस्त’ यांनी काल दुसऱ्या धाग्यावर लिहिले. खाऊन निघावे, रिकामी बाटली जवळ ठेवावी, लाउंजमध्ये, म्हणजे राखीव आरामकक्षात, प्रवेश देणारे कार्ड घ्यावे आणि हे ज्यांना जमत नाही त्यांनी भावाबद्दल कुरकुर करू नये, असा त्यांचा एकूण सूर होता. तो मला अजिबात मान्य नाही आणि उत्तर लांबणार असल्यामुळे वेगळा धागा काढतो आहे.

प्रवासी दोन-तीन तास आधी येतो, कारण विमान कंपनीच त्याला तसे बजावते. सुरक्षा तपासणी ओलांडली की त्याला सहजासहजी बाहेर पडता येत नाही, पाण्याची भरलेली बाटली बहुतेक ठिकाणी काढून घेतलेली असते आणि पुढे दिसणाऱ्या सगळ्या दुकानांना जागा देणारा मालक एकच असतो. गाळ्याचे भाडे बहुधा ठरावीक किमान रक्कम किंवा विक्रीतील हिस्सा, यांपैकी जे अधिक भरेल ते, असे ठरते. म्हणजे प्रवाशाने जास्त खर्च करावा यात दुकानदाराइतकाच विमानतळाचाही स्वार्थ असतो.

आता वाटेकडे पाहू. तपासणीपासून गेटकडे जाणारा सरळ मार्ग कित्येक टर्मिनलांत उरलेलाच नाही. अत्तरे, मद्य आणि चॉकलेटांच्या दुकानाच्या आतूनच वळणे घेत जावे लागते. माझ्या आईचे गुडघे दुखतात. त्या वाटेवर तिला टेकायला एकही खुर्ची मिळाली नाही आणि पुढच्या चौकातील सगळ्या खुर्च्या उपाहारगृहांच्या होत्या, म्हणजे काहीतरी मागवल्याशिवाय बसता येत नव्हते. काही विमानतळ गेटचा क्रमांकसुद्धा मुद्दाम उशिरा दाखवतात आणि तोवर लोकांना दुकानांच्या मधेच थांबवून धरतात. याला प्रवाशाच्या नियोजनाची उणीव म्हणणे हा अन्याय आहे.

नेमस्त

आपल्या मातोश्रींना त्रास झाला याचे मला वाईट वाटते, परंतु धोरण एका अनुभवावरून ठरत नाही. कोविडच्या महासाथीपूर्वी जगभरातील विमानतळांच्या उत्पन्नापैकी साधारण 40 टक्के भाग दुकाने, वाहनतळ, जाहिराती अशा उड्डाणेतर व्यवहारांतून येत होता. जिथे उड्डाणांचा आणि दुकानांचा जमाखर्च एकत्र धरण्याची पद्धत आहे, तिथे या उत्पन्नामुळे विमान कंपन्यांकडून घेतले जाणारे शुल्क कमी ठेवता येते. दुकाने काढून टाका, मग ती तूट तिकिटातून भरून निघेल आणि काहीही विकत न घेणाऱ्यालाही ती सोसावी लागेल. शिवाय हे नवे कारस्थान नाही. पहिले करमुक्त दुकान आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर 1947 मध्येच सुरू झाले. भावाचे म्हणाल, तर प्रत्येक खोके तपासणीतून आत न्यावे लागते, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासून परवाने काढावे लागतात आणि पहाटेच्या उड्डाणांसाठी रात्रपाळी ठेवावी लागते. हा खर्च कोणी द्यायचा?

अनवाणी

भाव आणि भाडे बाजूला ठेवा, खरी लूट तपासणीच्या पट्ट्यावर होते. बहिणीसाठी घेतलेली अत्तराची मोठी बाटली दुकानदाराने स्वतः मोहरबंद पिशवीत घालून दिली होती, पावती आत दिसत होती, पिशवी मी उघडलेली नव्हती. तरीही विमान बदलण्याच्या ठिकाणी पुन्हा तपासणी झाली आणि ‘ही पिशवी आमच्याकडे चालत नाही’ असे सांगून ती बाटली पेटीत टाकली गेली. विकताना मला कोणीही काही विचारले नव्हते. एक विमानतळ विकतो, दुसरा काढून घेतो आणि दोघेही नियमाकडे बोट दाखवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पट्ट्याशेजारी

मी तपासणीच्या कामावर अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून राहवत नाही. हातातल्या सामानातील द्रवाच्या बाटलीवर असलेली 100 मिलिलिटरची मर्यादा कोणाच्या लहरीतून आलेली नाही. ऑगस्ट 2006 मध्ये अटलांटिक पार करणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघड झाला आणि त्यानंतर हे निर्बंध जगभर पसरले. जुन्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि धातू निळे दिसतात; पाणी, अत्तर आणि घातक द्रव यांतला फरक त्या रंगावरून खात्रीने सांगता येत नाही. युरोपच्या नियमांत पडद्यासमोर सलग 20 मिनिटांपेक्षा जास्त बसू देत नाहीत, कारण त्यानंतर लक्ष उडते. त्या वेळात समोरून सतत सामान सरकत असते आणि मागे उभी असलेली माणसे आमच्यावर ओरडत असतात. आपली बाटली गेली, पण आमच्या खिशात ती येत नाही.

अनवाणी

आपल्या खिशात गेली असे मी कुठेही म्हटलेले नाही. कृपया माझ्या तोंडी नसलेले आरोप घालू नका. माझा प्रश्न असा आहे की, सामानाची त्रिमितीय प्रतिमा काढणारी नवी यंत्रे आलेली असतानाही आम्ही अजून द्रवांच्या छोट्या बाटल्यांनी पारदर्शक पिशव्या का भरतो आहोत? युरोपात काही विमानतळांनी ही यंत्रे बसवून मर्यादा उठवली, सप्टेंबर 2024 मध्ये तीच मर्यादा पुन्हा लादली गेली आणि 2025 मध्ये त्यांतल्या काही यंत्रांसाठी ती पुन्हा शिथिल झाली. जाताना एक नियम, येताना दुसरा. अशाने प्रवाशाने कसले नियोजन करायचे, ते नेमस्त यांनीच सांगावे.

पट्ट्याशेजारी

यंत्रे महाग आहेत, जड आहेत आणि काही जुन्या टर्मिनलांत ती ठेवण्यासाठी फरशीच मजबूत करावी लागते. मात्र विमान बदलणाऱ्या प्रवाशाला पुढच्या ठिकाणचा नियम दुकानातच सांगितला गेला पाहिजे, हे मी मान्य करतो. बोर्डिंग पास पाहूनच दुकानदार सामान विकतात. पुढचा टप्पा विचारायला किती वेळ लागतो? तो दोष मात्र आमच्या माथी मारू नका.

कडेवर बाळ

बाळाचे दूध आणि औषधे यांना बहुतेक ठिकाणी या मर्यादेतून सूट असते. तरीही दुधाच्या बाटलीवरून मला इतका वेळ बाजूला उभे केले गेले की बाळाने रडून आकांत मांडला. नियम बरोबर होता. तो समोरच्या कर्मचाऱ्यालाच ठाऊक नव्हता. पट्ट्याशेजारी यांनी याचेही उत्तर द्यावे.

पट्ट्याशेजारी

उत्तर आहे : प्रशिक्षण अपुरे असते आणि माणसे टिकत नाहीत. हे मी नाइलाजाने लिहितो आहे, कारण माझे सहकारी मनापासून काम करत होते.

नेमस्त

धागा बाटल्यांवर गेला आहे. मूळ मुद्द्यावर येऊ या. बसायला जागा हवी असेल तर लाउंज आहे, हे मी सांगितलेच होते.

दूरचा प्रवासी (धागाकर्ता)

इथेच घोडे पेंड खाते. 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर एका विमान कंपनीने निमंत्रितांसाठी असा पहिला कक्ष उघडला, तेव्हा तो मूठभरांचा होता. आता बँका क्रेडिट कार्डावर प्रवेश वाटतात आणि लाउंजला दर भेटीमागे पैसे देतात. त्यामुळे दारावर रांग लागते आणि गर्दी झाली की कार्डधारकाला थांबवून महागड्या तिकिटाच्या प्रवाशाला आत घेतात. आई आणि मी कार्ड दाखवूनही दारातूनच परत फिरलो आहोत. सार्वजनिक इमारतीत टेकायला खुर्ची हवी म्हणून बँकेचे कार्ड काढा, असे आपण सुचवता तेव्हा मला खरोखर राग येतो.

भावांबद्दलही एक उदाहरण देतो. अमेरिकेतील पोर्टलंड विमानतळाने दुकानदारांवर अनेक वर्षे अशी अट ठेवली की शहरातल्या भावापेक्षा जास्त भाव आत लावता येणार नाही. रात्रपाळी, तपासणी आणि परवाने तिथेही आहेत. करारात अट लिहिली म्हणजे खर्चाची सबब चालत नाही.

नेमस्त

पोर्टलंडच्या अटीची माहिती मला होती. प्रत्येक विमानतळाची मिळकत आणि कर्जे वेगळी असतात, म्हणून ती सर्वत्र लागू होईल हे मी अजूनही मान्य करत नाही. खुर्च्या, पिण्याचे पाणी आणि गेटकडे जाणारी आखूड वाट या तीन गोष्टी दुकानांच्या नकाशाआधी ठरल्या पाहिजेत, एवढे मी मानतो. नियोजनाबद्दलचे माझे वाक्य वृद्धांना आणि लहान मुलांसोबत असलेल्यांना लागू करू नये. बाकीच्यांना ते लागू आहेच.

अनवाणी

आणि मोहरबंद पिशवीचे काय? तिचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही.