‘द लास्ट गार्डियन’चे दोष डोळ्यांसमोर असूनही तो आवडतो; मग तो दुसऱ्याला द्यावा का?

प्रश्न – रातकिडा

‘द लास्ट गार्डियन’ हा व्हिडिओ गेम मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पूर्ण केला. पडक्या मनोऱ्यांच्या दरीत अडकलेला एक निनावी मुलगा आणि ट्रिको नावाचा, पिसांनी मढलेला, थोडा पक्षी, थोडे मांजर आणि थोडा कुत्रा असा अवाढव्य प्राणी, या दोघांच्या सुटकेची ही गोष्ट आहे. प्लेस्टेशन ३ साठी २००९ मध्ये जाहीर झालेला हा गेम प्रत्यक्षात डिसेंबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. एवढी वर्षे हाताशी असूनही त्याचा कॅमेरा असा कसा राहिला, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. अरुंद जागेत ट्रिको शेजारी आला की पडदाभर नुसती पिसे दिसतात, कधी तर क्षणभर सगळा अंधारच होतो. मुलगा धावताना ठेचकाळतो. आणि ‘वर उडी मार’ म्हणून खुणावले, तर ट्रिको भलतीकडेच पाहत बसतो.

असे असूनही दुसऱ्या कोणत्याही गेममधल्या पात्राचा लळा मला इतका लागलेला नाही. एका लढाईनंतर ट्रिकोच्या अंगात रुतलेले भाले मी एकेक करून उपसले आणि मग रक्ताळलेल्या पिसांवरून हात फिरवत राहिलो, तेव्हा डाग हळूहळू पुसट होत गेले. तो केव्हाच शांत झाला होता, पण माझे बोट बटणावरून निघत नव्हते.

माझा चौदा वर्षांचा भाचा फक्त वेगवान गेम खेळतो. त्याला ही डिस्क द्यावी का? आणि द्यायची झाली, तर दोष आधीच सांगून टाकावेत का?

उत्तर १ – पाणकावळा

आपण तीन तक्रारी एकाच माळेत ओवल्या आहेत, परंतु त्यांची जात एक नाही. कॅमेऱ्याचे समर्थन मी करणार नाही. तो वाईट आहे. ट्रिकोचे न ऐकणे मात्र दोषांच्या यादीतून काढावे, असे मला वाटते.

दिग्दर्शक फुमितो उएदा यांचे आधीचे दोन गेम आठवून पाहा. ‘इको’मध्ये (२००१) योर्दा या मुलीचा हात धरून तिला ओढत न्यायचे होते, ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’मधला (२००५) आग्रो हा घोडा टाच मारल्यावर आपल्या मर्जीने वळत असे आणि तेव्हाही लोक कुरकुरत होतेच. ट्रिको ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे. जपानी नावातला ‘तोरिको’ हा शब्द ‘कैदी’ या अर्थानेही वाचता येतो, आणि गेमच्या आरंभी तो साखळीने जखडलेलाच भेटतो. अशा जनावराने पहिल्याच हाकेला धावून यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. पाण्याचा प्रसंग घ्या. तो काठावर पंजे रोवून उभा राहतो, पुढे झुकतो, पुन्हा मागे सरतो. शेवटी त्याच्या आवडीच्या खाद्याचे पिंप पाण्यात टाकून त्याला भुलवावे लागते. बटण दाबताच त्याने सूर मारला असता, तर तो नुसती शिडी ठरला असता. पिसांची शिडी, एवढेच.

उत्तर २ – भरदुपार

पाणकावळा यांचे म्हणणे वाचायला सुरेख आहे, पण मी हा गेम अर्ध्यावर सोडला आहे आणि त्याचे कारण जनावराचा स्वभाव हे नव्हते. खरी अडचण अशी आहे की, आपला तर्क चुकला की ट्रिकोने अजून मनावर घेतलेले नाही, हे खेळणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. एका उंच खिडकीखाली मी अर्धा तास घालवला. पहिल्या मिनिटाला सुचलेला उपाय बरोबर होता. ट्रिको हलला नाही म्हणून मी तो सोडून दिला आणि उरलेला वेळ चुकीचे दगड धुंडाळत बसलो. हट्टी कुत्रा ऐकत नसला, तरी निदान त्याच्या कानांवरून समजते की हाक पोहोचली आहे. चौदा वर्षांचा मुलगा इतका वेळ थांबेल, याची मला शंका आहे.

उत्तर ३ – लोखंडी पेटी

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. भाच्याकडे प्लेस्टेशन ५ असेल आणि त्याला डिस्क चालत असेल, तर इंटरनेट बंद ठेवून गेम डिस्कवरून टाका आणि कोणताही पॅच, म्हणजे नंतर इंटरनेटवरून येणारी दुरुस्ती, घेऊ नका. मूळ आवृत्तीत फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येला, मर्यादा नसल्यामुळे ती तिथे सेकंदाला साठ फ्रेमपर्यंत चालते. नंतरच्या पॅचमुळे ती तीसवर अडकते. चित्र अडखळण्याची निम्मी तक्रार तिथेच मिटते. कॅमेरा मात्र आहे तसाच राहतो.

भरदुपार यांच्या अडचणीवर माझ्यापुरता उतारा असा, की एकदा हाक मारायची आणि कंट्रोलर मांडीवर ठेवायचा. घाईघाईने खुणांचा भडिमार केला की ट्रिको अधिकच गोंधळल्यासारखा वागतो.

रातकिडा

सर्वांचे आभार. भरदुपार, आपली खिडकी मला चांगली ठाऊक आहे. मीही तिथे कंट्रोलर आपटला होता आणि पाणकावळा यांचा युक्तिवाद मान्य करूनही त्या अर्ध्या तासाला मी स्वभाव म्हणणार नाही.

तरीही डिस्क देतो आहे. भाचा दिवाळीच्या सुट्टीत येईल, तेव्हा त्याच्या मशीनवर पॅचशिवाय टाकून देईन आणि हाक एकदाच मारायची, एवढे बजावेन. कॅमेऱ्याविषयी काही बोलणार नाही. ते पहिल्याच अरुंद बोळात तो मला ओरडून सांगेल.