सल्ला हवा: मातीतल्या चुनखडीच्या कणांचा आकार कसा मोजावा?

मातकट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एका चुनखडीयुक्त मातीत मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) ३०% निघालाय. आता तो वाळूएवढ्या खड्यांत आहे की चिकणमातीएवढा बारीक, हे शोधायचंय. बारीक असेल तर पिकाला लोह मिळताना अडचण, जाड असेल तर बराचसा नुसता पडून राहणार, म्हणून हा खटाटोप.

पिपेट पद्धतीने (पाण्यात माती निवळताना ठरावीक वेळी पिपेटने नमुना काढून) पोत, म्हणजे वाळू, मधल्या आकाराचा पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण काढलं, मग आम्लाने चुना घालवून त्याच मातीचा पुन्हा काढला.
आधी: वाळू २०, पोयटा ४५, चिकणमाती ३५.
नंतर: वाळू २४, पोयटा ४२, चिकणमाती ३४.
वजाबाकी केली तर वाळूत चुना उणे ४%! आता काय करू? कणांचा आकार मोजणारं लेझर यंत्र वापरायला मिळू शकतं. त्यावर जाऊ का?

तळगाळ
उणे चुना वाचून हसू आलं, माफ करा. माझ्याही पहिल्या वहीत तो आहे.

प्रयोग ठीक आहे, हिशोब चुकलाय. दुसऱ्या खेपेचे टक्के १०० ग्रॅमवर नाहीत, चुना गेल्यावर उरलेल्या ७० ग्रॅमवर आहेत. आधी ०.७ ने गुणा: वाळू १६.८, पोयटा २९.४, चिकणमाती २३.८. आता वजा करा. वाळूत ३.२, पोयट्यात १५.६, चिकणमातीत ११.२ ग्रॅम चुना. बेरीज बरोब्बर ३०. म्हणजे तुमचा चुना बहुतेक बारीकच आहे.

अर्धामोल
बेरीज ३० येणारच हो, आकडेच तसे बांधलेले आहेत. त्यावरून पद्धत बरोबर ठरत नाही.

वजाबाकीत गृहीत धरलंय की चुना सुट्ट्या कणांत आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा डिंकासारखा असतो, चिकणमातीचे कण चिकटवून पोयट्याएवढा गोळा करतो. आम्ल घातलं की गोळा सुटतो, आतली चिकणमाती मोकळी होते आणि ‘नंतर’च्या रकान्यात चिकणमाती फुगते. मग चिकणमातीतला चुना कमी दिसतो, पोयट्यातला जास्त. शिवाय तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लोहाच्या ऑक्साइडांना आणि काही चिकण खनिजांनाही सोडत नाही. घालवायचाच असेल तर सामू (pH) ५ चं सोडियम अ‍ॅसिटेटचं द्रावण सौम्य पडतं, पण डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त चुनखडी) असेल तर त्याने कित्येक दिवस लागतात.

लेझरचं म्हणाल तर त्याला कॅल्साइट (चुन्याचं खनिज) आणि क्वार्ट्झ (वाळूचं खनिज) यांतला फरक कळत नाही. तोही आधी-नंतर असाच वापरावा लागेल, म्हणजे तीच वजाबाकी. वर चिकणमातीचे चपटे कण त्याला जाड वाटतात, त्यामुळे पिपेटच्या मानाने चिकणमाती कमी दाखवतो.

माझा सल्ला: चुना अजिबात घालवू नका. माती विखुरून (कण सुटे करून) वेगवेगळे आकारगट करा आणि प्रत्येक गटातला चुना कॅल्सिमीटरवर (आम्ल घातल्यावर निघणारा वायू मोजणारं यंत्र) थेट मोजा. कुठल्या आकारात किती, याचं उत्तर सरळ मिळतं.

तळगाळ
हे मान्य. मीही आता तसंच करतो. फक्त विखुरताना हात हलका ठेवा. कॅल्साइटची कठीणता ३, क्वार्ट्झची ७. खलात जोर लावलात तर चुन्याचेच खडे आधी पिठूळ होतात आणि मग आपण स्वतः केलेलं पीठ मोजत बसतो. ध्वनिलहरींच्या यंत्राचंही तेच, फार वेळ चालवू नका. २ मि.मी.च्या चाळणीवर राहिलेले खडे फेकू नका, वजन करून त्यांतला चुना वेगळा लिहा.

मातकट
दोघांचेही आभार. सेंद्रिय पदार्थ घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड चालेल ना? आणि कॅल्साइट जड असतं, तर निवळण्याच्या वेळा बदलायच्या का?

अर्धामोल
पेरॉक्साइड शक्यतो नको. ते आम्लधर्मी असतं, सेंद्रिय पदार्थ जळताना ऑक्झॅलिक आम्लही तयार होतं. बारीक चुना पहिला बळी. सामू ९.५ च्या आसपास आणलेलं सोडियम हायपोक्लोराइट बरं.

वेळा तशाच ठेवा. २.६५ घनता धरली तर २ मायक्रॉनचा कण २० अंशांना १० सें.मी. खाली यायला पावणेआठ तास घेतो. कॅल्साइटची घनता २.७१, आकारात जेमतेम २% फरक. डोलोमाइटला ६% च्या आसपास. सिलिंडर खिडकीशी ठेवून तापमान हललं तर याहून मोठी चूक होते.

२० ग्रॅम माती एक लिटरमध्ये घेतलीत तर २५ मि.ली.च्या पिपेटीत चिकणमाती येईल पावणेदोनशे मिलिग्रॅम. त्यात तुमच्या हिशोबाने ५६ मिलिग्रॅम चुना, म्हणजे १३ मि.ली.च्या आसपास वायू. वाचता येतो, पण बुचातून जरा गळलं तरी संपलं. दोन-तीन पिपेटी एकत्र सुकवा.

मातकट
करून पाहिलं. वाळू चाळणीवर धुऊन घेतली, बाकी पिपेटने. चुना (%) असा आला: वाळू ३.१, पोयटा १३.९, चिकणमाती १४.९. पोयटा-चिकणमातीचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. पण बेरीज ३१.९! एकूण चुना दोनदा मोजला, ३०च. जास्तीचा आला कुठून?

तळगाळ
विखुरायला काय घातलंत? नुसतं हेक्झामेटाफॉस्फेट की तयार मिश्रण?

मातकट
तयार होतं. थांबा, बाटली बघतो.
…
लिटरला ८ ग्रॅम सोडियम कार्बोनेट. मी ५० मि.ली. घातलं होतं.

तळगाळ
मग सापडला चोर. लिटरच्या सिलिंडरमध्ये ०.४ ग्रॅम सोडा गेला, प्रत्येक पिपेटीत १० मिलिग्रॅम. तोही आम्लात फसफसतो आणि चुना म्हणून मोजला जातो. पिपेटीत माती अर्ध्या ग्रॅमची, तेव्हा १.९% वाढ. पोयटा दोन पिपेटींच्या फरकातून काढलात म्हणून तिथे ती कटली, वाळू धुतली गेली, सगळी चिकणमातीवर बसली. १४.९ चे १३ करा. माती सोडून बाकी सगळं तसंच घातलेला सिलिंडर लावून त्याच्या पिपेटीचाही वायू मोजा, खात्री होईल.

मातकट
लावला. माती नसलेल्या, नुसतं पाणी आणि ते मिश्रण घातलेल्या सिलिंडरच्या पिपेटीतून अडीच मि.ली. वायू निघाला. आता सोड्याविना हेक्झामेटाफॉस्फेट घेऊन सोमवारी पुन्हा बसतो.